जुन्या इटालियन रोड सायकलचा बॉटम ब्रॅकेटचा (पेडलांचा ॲक्सल जिथे फिरतो तो भाग) उजवा कप, म्हणजे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, निघतच नाही. काय करावं?

आतापर्यंत कोणत्या दिशेने जोर लावलात? उजवीकडे उलटे आटे असतात, हे ब्रिटिश मापाला लागू. इटालियनमध्ये दोन्ही बाजूंना सरळ आटे, म्हणजे उजवा कपही घड्याळाच्या उलट दिशेनेच सुटतो. चुकीच्या दिशेने जोर दिला असेल तर तो आणखी आवळला गेलाय.

फ्रेमच्या ज्या नळीत बॉटम ब्रॅकेट बसतो तिची रुंदी मोजा: ७० मिमी म्हणजे इटालियन, ६८ असेल तर बहुधा ब्रिटिश. निर्यातीच्या काही इटालियन फ्रेमना ब्रिटिश आटे असत, म्हणून कपावर ‘३६ × २४’ ही इटालियन आट्यांची खूण कोरलीय का तेही पाहा.

आधी डावा कप आणि ॲक्सल काढा, आतून गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर थांबा. कपाच्या कडा उथळ असतात, पाना हमखास घसरतो. बोल्ट आणि मोठ्या वॉशरने पाना कपावर दाबून धरा. तरीही हटेना तर कप मजबूत व्हाइसमध्ये पकडून फ्रेमच फिरवा. तरफ लांब मिळते.

बसवताना पाव इंची नवे छर्रे, प्रत्येक बाजूला ११, भरपूर ग्रीसमध्ये. कपाच्या आत खड्डे दिसले तर कपच बदला. उजव्या कपाला मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून करकचून आवळा. पेडल मारताना तो सैल होण्याच्याच दिशेने ओढला जातो.