मुलगी तीन वर्षांची आहे, जूनमध्ये पुण्यात बालवाडी सुरू होतेय. दारात रडली तर काय करावं?

रडेल, आणि ते चालेल. बहुतेक मुलं २-३ आठवड्यांत रुळतात. खरं बिघडतं ते दारात: आईबाबा रेंगाळतात, पुन्हा मागे वळतात, रडणं वाढतं. गुपचूप सटकणं तर त्याहून वाईट, मग मूल सारखं दाराकडेच बघत बसतं.

एक पापा घ्या, 'डबा झाला, गाणी झाली की मी येते' म्हणा आणि निघा. 'बारा वाजता' म्हटलेलं तिला कळत नाही. न्यायला मात्र पाच मिनिटं आधीच पोहोचा. पावसात सिंहगड रस्ता तुंबतो, त्या हिशेबाने घर सोडा.

डबा आणि बाटली स्वतः उघडायचा सराव आठवडाभर आधी द्या. झाकण घट्ट असेल तर डबा तसाच परत येतो. रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा रडली तर घाबरू नका, सोमवारी तसं होतंच.