पोर्टलंड मॅव्हरिक्स हा बेसबॉल संघ लोकप्रिय असूनही बंद का पडला?

शहराचा हक्क वरच्या श्रेणीच्या लीगने परत घेतला, म्हणून १९७७च्या हंगामानंतर मॅव्हरिक्स बंद पडला. अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या श्रेणींमध्ये, वरच्या लीगला भरपाई देऊन खालच्या संघाचं शहर घेता येत असे. ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगमधल्या सर्वात वरच्या दर्जाचा, बीव्हर्स संघ १९७२नंतर पोर्टलंड सोडून गेला. १९७३मध्ये अभिनेते बिंग रसेल यांनी तिथे कुठल्याही मेजर लीग क्लबशी न जोडलेला संघ उभा केला. खुल्या चाचण्या घेऊन इतरांनी नाकारलेले खेळाडू निवडले. न्यूयॉर्क यँकीज या मेजर लीग संघाचा माजी पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) जिम बाउटनही इथेच पुन्हा बॉल टाकू लागला. ओस पडलेलं स्टेडियम भरू लागलं आणि बीव्हर्स ज्यात खेळायचा त्या पॅसिफिक कोस्ट लीगला पोर्टलंड पुन्हा हवंसं वाटलं. देऊ केलेली किरकोळ भरपाई रसेल यांनी नाकारली आणि लवादाकडून तब्बल २,०६,००० डॉलर मिळवले. माझ्या मते हाच त्यांचा सर्वात मोठा विजय, कारण एक गोष्ट खरी: मॅव्हरिक्स ज्या खालच्या श्रेणीच्या नॉर्थवेस्ट लीगमध्ये खेळायचा, तिचं विजेतेपद त्याला एकदाही मिळालं नाही. १९७७च्या अंतिम लढतीतही त्याला बेलिंगहॅमच्या संघाने हरवलं.