मुतखड्याचा सीटी : डोस उतरवा, दाणे आवरा

प्रश्न : उन्हाळा लागला की आमच्याकडे मुतखड्याचे पेशंट वाढतात. अक्कलकोट, मोहोळकडच्या काहींचा वर्षात दुसरा-तिसरा सीटी होतो. डोस कमी व्हावा म्हणून एमए (एक्स-रे ट्यूबचा करंट) निम्मा केला, तर ‘इमेज दाणेदार आहे’ म्हणून रेडिओलॉजिस्ट सर परत पाठवतात. काय करावे?
— सीटी टेक्निशियन, सोलापूर

उत्तर : एमएला शेवटी हात लावा. तो निम्मा केला की डोस निम्मा होतो खरा, पण नॉइज (इमेजमधले दाणे) सुमारे 41 टक्क्यांनी चढतो.

आधी टेबलाची उंची बघा. हात डोक्यावर घेतल्यावर बाजूचा लेझर काखेच्या मध्यरेषेवर पडला पाहिजे. गर्दीत सगळ्यांना एकाच उंचीवर आत सरकवले जाते, तिथेच घोटाळा होतो. ट्यूब खाली ठेवून स्काउट (स्कॅनआधीची आखणीची इमेज) घेतला आणि पेशंट खाली राहिला, तर तो ट्यूबजवळ आल्याने जाड दिसतो आणि ऑटो एमए (जाडी बघून करंट ठरवणारी सोय) करंट चढवतो. वर राहिला तर बारीक दिसतो, करंट उतरतो आणि दाणे येतात. परत आलेल्या इमेजचे स्काउट एकदा काढून बघाच.

मग लांबी. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत, प्लेन (कॉन्ट्रास्ट न देता), एकच फेज, म्हणजे एकदाच स्कॅन. समजा मशीनवरचा डोस 12 मिलिग्रे आणि लांबी 45 सेंमी, म्हणजे डीएलपी (डोस गुणिले लांबी) 540, पोटासाठी 0.015 ने गुणा, सुमारे 8 मिलिसिव्हर्ट. 4 मिलिग्रे आणि 40 सेंमीत हेच 2.4 वर येते. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी एवढेच मिळते.

बारीक पेशंटला 120 ऐवजी 100 केव्ही (ट्यूबचे व्होल्टेज) चालतो. मात्र नॉइज इंडेक्स (किती दाणे चालतील हे मशीनला सांगणारा आकडा) तोच ठेवलात तर मशीन एमए वाढवून वाचवलेला डोस परत घालते. म्हणून इंडेक्सही थोडा वाढवा.

खडा आजूबाजूच्या मऊ भागापेक्षा कितीतरी घट्ट, त्यामुळे दाण्यांतूनही उठून दिसतो. सरांना 1 मिमीऐवजी 3 मिमी जाडीचे कोरोनल (समोरून दिसणारे) स्लाइस, सॉफ्ट कर्नलवर (दाणे मऊ करणाऱ्या फिल्टरवर) द्या. स्लाइस चौपट जाड केली की नॉइज निम्मा होतो. इटरेटिव्ह (दाणे कमी करणारी संगणकी प्रक्रिया) मध्यमच ठेवा; फार चढवले की इमेज मेणचट होते. खडा मोजायला पातळ स्लाइस असू द्या.

बीएमआय 30 च्या वर असेल किंवा अपेंडिक्सचीही शंका असेल, तर नेहमीचाच प्रोटोकॉल लावा. 3 मिमीखालचे खडे कमी डोसमध्ये निसटू शकतात. गरोदर बाईला आधी सोनोग्राफी. आणि हा प्रोटोकॉल ‘लो डोस केयूबी’ (केयूबी म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय) अशा वेगळ्या नावाने सेव्ह करा, म्हणजे इमेज उघडतानाच सरांना कळेल की दाणे मुद्दाम ठेवलेत.