‘हाय सर’च्या पुढं काय लिहायचं?

प्रश्न : मी परभणीचा, नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी इन्स्टिट्यूटला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज नाहीतर शेंद्रा एमआयडीसीत क्वालिटी विभागात लागावं म्हणून लिंक्डइनवर मेसेज करू लागलोय. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम फ्रेशर, एनी व्हेकन्सी प्लीज’ हेच कॉपी करून सगळ्यांना टाकतो. कुणी रिप्लायच देईना गेलंय. ओळखीशिवाय इकडं काही होतच नाही का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : होतं की. पण मला सांगा, तुमचा हा मेसेज वाळूजच्या एखाद्या क्वालिटी इंजिनिअरला आला तर त्यानं करायचं काय? व्हेकन्सी आहे का नाही ते एचआरला माहीत, त्याला नाही, तोंडावर ‘नाही’ म्हणायला जीवावर येतं आणि ‘बघतो’ म्हटलं की तुम्ही रोज विचारणार, म्हणून तो बिचारा गपच बसतो. त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा ना, चहा पिता पिता दोन ओळीत सांगता येईल असं. नोकरी पहिल्या मेसेजमध्ये मागायचीच नाही. मी तर म्हणतो नोकरी हा शब्दच नको त्यात.

आणि सगळ्यांना टाकू नका, आधी माणूस निवडा. लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजच्या पेजवर अ‍ॅल्युमनायचा टॅब आहे, तिथं शहर टाका, कंपनी टाका, कोण कुठंय ते दिसतं. कॉलेज १९८१ पासूनचं आहे, सीनियरांची काय कमी! फक्त थेट प्लांट हेडला जाऊ नका. तीन-चार वर्षं पुढचा पोरगा धरा, त्याला अजून आठवतंय आपण कसं लागलो ते, आणि आता काय विचारतात इंटरव्ह्यूत तेही त्यालाच ठाऊक.

फुकटच्या खात्यावर कनेक्ट करताना नोट २०० कॅरेक्टरचीच बसते, तीही महिन्याला मोजक्या लोकांना. त्यात देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगवेगळं मोजतात, म्हणजे जागा अजूनच कमी. तरी एवढं बसतं बघा :

‘नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल फायनल इयर. मला वाळूजला क्वालिटीत जायचंय. जीडी अँड टी आधी शिकू की एसपीसी? दोन ओळी पुरेत.’

सगळं धरून दीडशेच्या आत आहे हे. (जीडी अँड टी म्हणजे ड्रॉइंगवर माप-आकारात किती फरक चालेल ते दाखवायची चिन्हांची पद्धत, एसपीसी म्हणजे आकडेवारीनं उत्पादनाच्या क्वालिटीवर लक्ष ठेवणं.) कोण आहे, आपला काय संबंध, काय पाहिजे, किती वेळ लागेल, सगळं आलं. मराठीत लिहू का इंग्लिशमध्ये, हे बरेच जण विचारतात. समोरचा त्याच्या पोस्ट मराठीत टाकत असेल किंवा आपल्याच कॉलेजचा, आपल्याच भागातला असेल तर बिनधास्त मराठीत, नाहीतर साधं इंग्लिश. पण ते ‘आय होप धिस मेसेज फाइंड्स यू वेल’ नको हो, ते वाचूनच कळतं कुठून तरी उचललंय.

रिप्लाय नाही आला तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची, तीही ‘सर प्लीज रिप्लाय’ अशी नाही. ‘सर, तोवर एसपीसीचं बेसिक सुरू केलंय, कंट्रोल चार्टपर्यंत आलोय’ असं काहीतरी नवीन पाहिजे त्यात. तरीही गप असेल तर सोडून द्या, पुढचा माणूस बघा.

आता रिप्लाय आला तर काय? इथंच पोरं घाण करतात. ‘थँक्यू सर’ लिहितात आणि गायब, मग सहा महिन्यांनी उगवतात रेझ्युमे घेऊन. त्यानं जे सांगितलं ते करा, आणि केलं म्हणून परत सांगा. असं दोन-तीनदा झालं की रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत तुमचं नाव सुचवणं, मागायला लाजायचं कारण नाही, बऱ्याच कंपन्या माणूस आणून दिला तर आपल्या स्टाफला बोनस देतात, म्हणजे त्याचंही नुकसान नाही. फक्त त्याला मेहनत करायला लावू नका : जॉब आयडी, पीडीएफ, आणि तो जशाच्या तशा एचआरला फॉरवर्ड करेल अशा तीन ओळी तुम्हीच लिहून द्या. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल टू न्यू’ नको, स्वतःचं नाव टाका.

प्रश्न : मी लातूरची. २०१६ ला अकाउंट्सचं काम सोडलं, तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅट होता. आता परत सुरू करायचंय. अनोळखी सीएंना मेसेज करायला संकोच वाटतो, गैरसमज झाला तर? आणि गॅपचं काय लिहू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, संकोच वाटणं बरोबरच आहे. व्हॉट्सअ‍ॅप सोडा, ऑफिसच्या ईमेलवर लिहा, दिवसा लिहा, आणि सुरुवात महिला सीएंपासून करा. गॅपबद्दल एक वाक्य बस्स, माफी तर अजिबात नको. त्याच्या आधी आज काय येतं ते येऊ द्या. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला, म्हणजे तो तुम्हाला नव्यानंच शिकावा लागणार, तो शिकून मगच लिहा, आणि विषयाच्या ओळीत सरळ ‘टॅली व जीएसटी रिटर्नचं काम, लातूर’ असं टाका.

तारीख मात्र बघून पाठवा. दर महिन्याच्या रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, ११ तारखेपर्यंत आणि ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० तारखेपर्यंत असतं, तेव्हा त्या ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नसतो, तुमचा मेल खाली जाणार. २१ नंतर पाठवा. आणि जुलै ते सप्टेंबर इन्कम टॅक्सच्या रिटर्न, ऑडिटची गर्दी असते, तेव्हा जास्तीचा माणूस लागतोच, पण शिकवायला सवड नसते, म्हणून मे-जूनमध्येच विचारून ठेवा.