बी.एस्सी.ला झूऑलॉजी मेजर आहे, मायनरला बॉटनी घेऊ की स्टॅटिस्टिक्स? घरचे म्हणतात बॉटनीत मार्क मिळतात.

स्टॅटिस्टिक्स घ्या. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

माझ्या वेळी मेजर-मायनर नव्हतं, पण विषयांची जोडी निवडावी लागायचीच. मामा म्हणाला, "आकडेमोड शिकून मासे मोजणार आहेस काय? बॉटनी घे, आरामात पास होशील." घेतली. झालोही पास.

पदवीनंतर मामाच्याच खाडीकाठच्या खाजणातलं व्हनामी कोळंबीचं तळं सांभाळायला लागलो. दर आठवड्याला पाग (फेकायचं जाळं) मारून थोडी कोळंबी काढायची, मोजायची, वजन करायचं आणि सरासरीवरून खाद्य ठरवायचं. मी पाग मारायचो बांधावरून, कायम चेक ट्रेजवळ, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवलेल्या ताटाजवळ. खाद्यावर मोठी कोळंबी आधी तुटून पडते आणि बारकी लांब राहते, हे झूऑलॉजीवाला असून माझ्या डोक्यात आलं नाही. माझी सरासरी 20 ग्रॅम, म्हणजे 50 काउंट, किलोला 50 नग. तळ्यात 80,000 जीव धरले तर 1,600 किलो माल, त्याच्या 3 टक्के म्हणजे रोज 48 किलो खाद्य. व्यापारी आला, त्याने चारही कोपऱ्यांतून आणि मधून माल काढायला लावला. किलोला 60 भरली! म्हणजे माल साडेतेराशे किलोच्या आतच, आणि 40 किलो खाद्य पुरलं असतं. वरचं 8 किलो रोज तळाशी कुजत होतं. या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा, आणि भाव ठरतो काउंटवर. दोन्हीकडून मार बसला.

नमुना कुठून घ्यायचा, किती घ्यायचा, हे स्टॅटिस्टिक्समध्ये सुरुवातीलाच येतं. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलंही ते शिकून बाहेर पडतात, आणि नोकरीला तुमच्यासमोर तीच असणार. बॉटनीतलं पेशी, जनुकं, परिसंस्था हे बरंचसं मेजरमध्ये मिळतंच की!

आता बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल किंवा खारफुटीवर काम करायचं असेल, तर बॉटनी चांगली. आणि बारावीला गणित सोडलं असेल तर आधी विभागात विचारा, तुमच्या कॉलेजात हे मायनर आहे का तेही बघा.

मामा अजून म्हणतो, व्यापाऱ्याने काटा मारला. काटा आमचाच होता, मामा. वजन मी केलं होतं.