लढवय्या माणसांनी कधी अहिंसा पाळली आहे का?

अहिंसा ही दुबळ्यांची पळवाट, मनगटात जोर असलेला माणूस मार खाऊन गप्प बसत नाही, असं तुमचं म्हणणं. मी कोल्हापूरचा. तालमीच्या कट्ट्यावर हेच ऐकत वाढलोय, म्हणून गांधीजींना बाजूला ठेवतो आणि खान अब्दुल गफार खानांचं सांगतो.

सहा फुटांवर उंच गडी, १८९०चा जन्म, पेशावरजवळच्या उत्मानझईतल्या खानाचा पोरगा. इंग्रजी फौजेत मानाची जागा मिळत होती. पण एका गोऱ्यानं पठाण अधिकाऱ्याचा पाणउतारा केलेला पाहिला आणि तो नाद सोडला. १९१०मध्ये गावात शाळा काढली.

तिथं पठाणांत खुनाचा बदला खुनानं, तोही पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडं भावकीत बांधावरनं कुऱ्हाडी निघतात, तिथं घरटी बंदूक! अशा माणसांना घेऊन १९२९मध्ये त्यांनी 'खुदाई खिदमतगार', म्हणजे देवाचे सेवक, ही संघटना उभी केली. शपथ काय? बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, रोज निदान दोन तास समाजाचं काम करीन. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून विटकरी रंगात बुडवले. त्यावरून 'लाल डगलेवाले' हे नाव पडलं.

२३ एप्रिल १९३०. पुढाऱ्यांच्या अटकेवरून पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमाव जमला. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला, मुडदे पडले. गढवाली शिपायांना गोळ्या घाला म्हटल्यावर चंद्रसिंह आणि त्यांच्या साथीदारांनी साफ नकार दिला. चंद्रसिंहांना त्यापायी जन्मठेप झाली. घरी बंदूक असताना रिकाम्या हातानं त्या बाजारात उभं राहणं, याला दुबळेपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

१९३४मध्ये गफार खानांना सरहद्द प्रांतात, म्हणजे पेशावरकडच्या त्यांच्याच मुलखात, पाऊल टाकायची बंदी होती, तेव्हा ते आपल्या वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले. तिथंच पुन्हा पकडले गेले, मुंबईतल्या एका भाषणासाठी.

इंग्रज सभ्य होते म्हणून हे चाललं, असंही कुणी म्हणेल. पण फाळणीनंतर पाकिस्ताननंही त्यांना वर्षानुवर्षं डांबलं, तरी गडी बदलला नाही. काँग्रेसनं फाळणी मान्य केली तेव्हा 'आम्हाला लांडग्यांच्या तोंडी दिलंत' असं ते म्हणाले होते. माझ्या मते त्यात काडीचं खोटं नव्हतं.

१९६९मध्ये गांधी जन्मशताब्दीला भारतात आले, तर इकडं अहमदाबादेत दंगल उसळलेली. सत्कार राहिला बाजूला, म्हाताऱ्यानं तीन दिवस उपास केला आणि गांधींना विसरलात म्हणून आपल्यालाच खडसावलं.