सी प्रोग्रॅम मुद्दाम क्रॅश करायचा असेल तर शून्याने भागावं का?

तुम्ही विचारलंय की चुकीची स्थिती आढळली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे पाडायचा आहे, त्यासाठी शून्याने भागलं किंवा नल पॉइंटरवर (कुठल्याच वैध जागेकडे न दाखवणाऱ्या पॉइंटरवर) लिहिलं तर चालेल का. कृपा करून असं करू नका. सीच्या स्टँडर्डमध्ये ही दोन्ही ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ आहेत, म्हणजे प्रोग्रॅम कोसळेलच याची हमी नाही. भागाकाराचं उत्तर पुढे कुठे वापरलं नसेल तर कंपाइलरचा ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) ती ओळच काढून टाकू शकतो. चौसष्ट बिटी एआरएम प्रोसेसरवर तर पूर्णांकाला शून्याने भागलं की मुकाट शून्य मिळतं आणि प्रोग्रॅम तसाच पुढे जातो.

प्रोग्रॅम पाडण्यासाठी एसटीडीलिब हेडरमध्ये अबॉर्ट() हे फंक्शन आहे. ते सिगअबॉर्ट हा सिग्नल (प्रोग्रॅमला मिळणारी तातडीची सूचना) उठवतं. लिनक्सवर त्याचा क्रमांक ६, म्हणून बॅशमध्ये एक्झिट स्टेटस १३४ दिसतो (१२८ अधिक ६). त्या सिग्नलला तुम्ही हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं तुमचं फंक्शन) लावला आणि तो नेहमीसारखा परतला, तरी प्रोग्रॅम संपतोच.

मग एक्झिट(१) का नको? एक्झिट() सगळी आवराआवर करून जातं: एटएक्झिटने नोंदवलेली फंक्शन्स चालवतं, फाइलींचे बफर (मेमरीत साठलेला, अजून फाइलीत न गेलेला मजकूर) लिहून टाकतं. वापरणाऱ्याने फाइलचं नाव चुकीचं दिलं तर हेच योग्य. पण तुमच्याच कोडमधलं गृहीतक खोटं ठरलं असेल, तर मेमरीत काय बिघडलंय ते ठाऊक नसताना आवराआवर करणं धोक्याचं; बिघडलेला डेटा डिस्कवर जायचा. शिवाय अबॉर्ट()मुळे कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल असलेली फाइल) मिळू शकतो, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. त्यासाठी शेलमध्ये ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ करून ठेवा, ‘-जी’ लावून कंपाइल करा, मग जीडीबी या डीबगरमध्ये ‘बीटी’ दिलं की कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती सगळी साखळी समोर येते.

एक काळजी घ्या. अबॉर्ट() बफर लिहून टाकेल यावर विसंबू नका. शेवटचा संदेश प्रिंटएफने छापलात तर तो हरवू शकतो. एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या, बफरमध्ये न अडकणाऱ्या प्रवाहावर) छापा.

असर्ट()सुद्धा अट खोटी ठरली की फाइल आणि ओळ सांगून शेवटी अबॉर्ट()च बोलावतं. मात्र एनडीबग हा मॅक्रो डिफाइन केला की सगळे असर्ट गायब होतात. जी तपासणी रिलीजमध्येही हवी, तिथे साधा इफ लिहून स्वतः अबॉर्ट() बोलवा.